पाचवा रंग

स्वराज्य येऊन वर्ष झाले आणि गणितही मूठभर विद्वानांच्या हाती राहू नये, असे वर ठरले. त्यानुसार 'जनतेच्या सहभागाने उच्च गणित' ही योजना कोरेगावजवळच्या एका गावाच्या पदरात पडली. सांगलीचे प्राध्यापक लालासाहेब शेतांचा कोरा नकाशा आणि चार रंगांच्या डब्या घेऊन चावडीवर आले. बांधाला बांध लागलेल्या दोन शेतांना एकच रंग नको. नुसता कोपऱ्याला कोपरा लागला तर चालेल. एवढ्या अटीवर कोणताही नकाशा चार रंगांत भागतो की पाचवा लागतो, हे जगात कोणालाच सिद्ध करता आलेले नव्हते. आता ते गावाने करायचे होते.

केरबाने मन लावून ऐकले. त्याची काळजी एकच होती: भावकीतल्या मानसिंगशी कशातही सारखेपणा येऊ नये. दोघांची शेते फक्त एका कोपऱ्यात भिडत, आणि त्या कोपऱ्यावरच्या बाभळीपायी आज्यापासून बोलणे बंद होते. लालासाहेबांनी नकाशा रंगवला, तर दोघेही पिवळे.

"सायेब, ह्यो आन् मी एका रंगात?" केरबा म्हणाला.

"कोपरा म्हणजे बिंदू. बिंदूला लांबी नसते. रंग वेगळा हवा तर मधे सामाईक बांध हवा."

"आमच्याकडं बिंदूवरनंच डोकी फुटत्यात."

पण नियम तो नियम. दुसऱ्या दिवशी केरबा कुदळ घेऊन कोपऱ्यावर गेला, तर मानसिंग आधीच फावडे मारत होता. तीन पिढ्यांत प्रथमच दोन्ही घरे एका कामाला लागली. शेजारच्या राहीबाईच्या शेताचा कोपरा कोरून त्यांनी झकास बांध घातला. आता हक्काने भांडता येणार होते. राहीबाईला विचारायचे मात्र दोघेही विसरले.

बांध झाला, पण पिवळा सोडायचा कोणी? आधी पिवळा मीच, असा दोघांनी हेका धरला. लालासाहेबांनी बाकीच्या डब्या उघडून दाखवल्या, पण कोणी तसूभर सरेना. शेवटी केरबाच म्हणाला, "मग मला पाचवा आणा. ह्याच्याकडं न्हाई त्यो."

लालासाहेबांना आनंदाने घाम फुटला. चार रंग न पुरणारे गाव सापडल्याची तार वर गेली. वरून अभिनंदन आणि जांभळ्या रंगाचा डबा आला, आणि केरबाचे शेत जांभळे झाले.

संध्याकाळी मानसिंग चावडीवर हजर. केरबाला सरकारातून जांभळा, मग आम्ही काय कुणाचे घोडे मारले, असा त्याचा सवाल होता. सहभाग लोकांचा असल्याने लोकांना नाही म्हणता येईना. मग राहीबाई आली, मग तिच्या पलीकडचे, मग उरलेले. बघता बघता सारा नकाशा जांभळा झाला. बांध कुठे होते तेही दिसेना.

"ह्यात तुजं श्यात कुटलं रं?" राहीबाईने विचारले.

केरबाने नकाशा न्याहाळला. मानसिंग आणि तो असे एकजीव कधीच झाले नव्हते. तरी त्याच्या जिवाला बरे वाटले.

"असू दे कुटं बी," तो म्हणाला. "त्याला माज्यापरीस जास्त मिळालं न्हाई, एवढं दिसतंय."

अहवालात निष्कर्ष नोंदवला गेला: कोणत्याही नकाशाला एकच रंग पुरतो, मात्र तो आधी शेजाऱ्याला मिळालेला असला पाहिजे.

हसलात? तुमच्या घराचा रंग कोणता, ते विचारत नाही. तो ठरवण्याआधी कोणाची भिंत पाहून आलात, तेवढे आठवा.