दिष्ट उतरवली, स्पीड तसाच

गोष्टीतल्या कम्प्युटरची रॅम खराब निघाली म्हनं! कोन म्हनलं? हिंदुराव मास्तर? त्येला जाऊन सांगा, मास्तर, तुमी पोरास्नी पाढं शिकवा, कम्प्युटरचं खोटं सांगू नका. रॅम चांगली व्हती. प्रोसेसर बी चांगला व्हता. सडलेलं व्हतं त्ये येगळंच. मास्तर हितं न्हाई म्हनून मी गप बसंन व्हय?

पोरांनो, तुमचं कम्प्युटर ऱ्हाऊ द्या, फुडं सरका. मधी बोलायचं न्हाई.

एका जंगलात कम्प्युटर व्हता. जंगलात कशाला, आसं इचारू नका. राजाची हौस, दुसरं काय. पर कामाचा व्हता. नदीच्या वरल्या अंगाला हत्तींनी बंधारा घातलेला. पानी किती चढलं, दार कवा उघडायचं, ह्ये कम्प्युटर सांगायचा. दार उघडायच्या आदी तासभर त्योच भोंगा वाजवायचा.

नदीकाठच्या बिळात एक मुंगशीन ऱ्हायची. तिला दर साली चार पिलं व्हायची. डोळं बी उघडलेलं नसायचं. भोंगा झाला की एकेक पिलू तोंडात धरायची आन् वर टेकडीवर ठेवून यायची. चार पिलं, चार खेपा. तासात बरुबर भागायचं. पानी उतरलं की परत खाली. टेकडीवरच बीळ का न्हाई केलं? टेकडी राजाच्या मेव्हन्यांनी धरलेली, म्हनून.

शेजारच्या जंगलातल्या वाघानं कम्प्युटर आनला. झालं! आमच्या सिंहाच्या पोटात दुखाय लागलं. त्येनं माकडाला बोलवलं. माकड म्हंजे राजाचा तज्ञ. एकदा कम्प्युटरच्या दुकानाच्या पत्र्यावर दोन दिवस बसलं व्हतं, तेवढंच शिक्षान.

माकड म्हनलं, "महाराज, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करतो. कंपनीनं नेमून दिल्यापरीस जादा पळवायचा."

"पळंल?"

"पळंल म्हंजे? बगतच ऱ्हावा."

आन् पळला की! खोटं कशाला बोलू. दोन रॅम व्हत्या, जादा स्पीडवर वरीसभर चालला. राजानं येशीवर बोर्ड ठोकला, 'सगळ्या जंगलांत फास्ट'.

मग वाघानं चार रॅम बसवल्या. सिंहाला झोप लागंना. त्येनं बी आजून दोन आनल्या. माकडानं भोंग्याची वायर काढली, रॅम खटाखट बसवल्या आन् बटन दाबलं. दोन मिंटं चालला, आन् कम्प्युटर गपकन थांबला. पडदा निळा.

तितं चांद्या बैल उभा व्हता. म्हातारा. जल्मभर नांगर ओढून मग जंगलात आलेला. त्यो म्हनला, "माकडा, नांगराला दुसरी जोडी जुपली तरी हाकनारा एकच ऱ्हातो. दोन बैल सांभाळत पळत व्हता, आता चार सांभाळायचं. चाल उतरवावीच लागती. ह्या चारी रॅम हाकनारा त्योच प्रोसेसर हाय. स्पीड उतरवा. मग चार दिवस नुसता चालवून बगा. मगच भोंग्याला जोडा."

सिंह भडकला. "स्पीड उतरवू? मग येशीवरला बोर्ड बी उतरवू? वाघ हसंल मला!"

माकड हुशार. "महाराज, चांद्या उतरवा म्हनतोय ना? उतरवू की. दिष्ट उतरवू. त्या वाघाचीच लागलीया."

मीठ आनलं. मोहरी आनली. पाटीभर मिरच्या आनल्या. कम्प्युटरवरनं सातदा ओवाळून जाळात टाकल्या. सगळं जंगल खोकलं. बटन बंद करून परत दाबलं. चालू!

आता बंद पडलेलं यंत्र बंद करून चालू केलं की घटकाभर चालतंच. त्येला मिरच्या कशाला लागत्यात?

नारळ फोडला. पडद्यावर राजाचा फोटू आनला. फोटू आला. टाळ्या. माकड म्हनलं, "टेस्ट पास!" आन् भोंग्याची वायर जोडली.

चांद्या नदीवर ग्येला. "बाई, त्या भोंग्यावर इसंबू नगं."

मुंगशीन म्हनली, "मग कशावर इसंबू दादा? नाकात पानी शिरंल त्येच्यावर? फोटू तर आला म्हनत्यात."

"फोटू यायला काय लागतंय गं? वझं पडू दे, मग कळंल."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी डोंगरात ढग फुटला. बंधारा भरत चालला. चार रॅम घातल्यापास्नं कम्प्युटरला पैल्यांदाच खरं काम पडलं. चारी रॅम भरल्या, स्पीड त्योच, आन् कम्प्युटर जागच्या जागी थिजला. पडद्यावर सकाळचाच आकडा, 'पानी कमी'. भोंगा न्हाई.

हत्तींनी डोळ्यानं पानी बगितलं. दार न्हाई उघडलं तर बंधाराच जानार. उघडलं.

लोंढा दिसला तसा चांद्या हंबरत सुटला. मुंगशीन पळाली. एक न्हेलं. दुसरं न्हेलं. तिसऱ्या खेपंला आली तर बीळ कुटं हाय, त्येच दिसंना.

वली चिंब दरबारात आली. "महाराज, माजी दोन पिलं ग्येली."

सिंहानं माकडाकडं बगितलं. माकड म्हनलं, "रॅम खराब निघाली."

चांद्या म्हनला, "रॅम न्हाई वो, स्पीड..."

"गप ए बैला! बोर्ड वाचाय येत न्हाई का तुला?" मग सिंह मुंगशिनीकडं वळला. "आन् तू गं? नदीकाठी बीळ काढाय परवानगी घेतली व्हतीस?"

राजाला मग दया आली. पाटीत उरलेल्या मिरच्या त्येनं तिच्या पुढ्यात वतल्या. म्हनला, "घे. ऱ्हायलेल्या दोघांची उतरव."

तात्पर्य: रॅम पायजे तेवढी वाढवा, स्पीड इंचभर कमी करू नका. नारळ फुटला आन् फोटू आला म्हंजे यंत्र पास. बंद पडलं तर रॅमवाल्याला शिव्या घाला, बिळवालीला परवानगी इचारा. मिरच्या सवस्त हायत, आन् पिलं दुसऱ्याची असत्यात.

आता माज्या तोंडाकडं काय बगताय? ज्येनं ज्येनं चार रॅम टाकून स्पीड तसाच ठेवलाय, त्येनं उठायचं आन् आदी त्यो उतरवायचा. उठा.