बोहनी झाली, पुढे जा

रुबा बैरूतहून येताना नवं कोरं कुलूप बरोबर घेऊनच आली होती. हिवाळ्यात तिचे वडील, हाज शकीब, शिडीवरून पडले तेव्हापासून तिचा एकच धोशा होता: लेबनॉनमधल्याच त्रिपोलीच्या जुन्या बाजारातलं रजयांचं दुकान बंद करायचं आणि बाबांना आपल्याकडे न्यायचं. नुसतं ऐकूनच हाजसाहेबांना धाप लागे. शेवटी बापलेकीत तह झाला. आज दुपारच्या अजानपर्यंत रुबा दुकानात बसून बघणार. दुकान चालतंय असं दिसलं तर बाबा राहणार, नाहीतर मुकाट्याने गाडीत बसणार.

अशी बातमी रजईवाल्यांच्या गल्लीत पोचायला कितीसा वेळ लागतो? समोरचा अबू तलाल आणि शेजारचा इस्कंदर यांनी आदल्या संध्याकाळीच ठरवून टाकलं, की दुपारपर्यंत येईल ते गिऱ्हाईक हाजसाहेबांकडे वळवायचं. त्यासाठी निमित्तही शोधावं लागणार नव्हतं. आपली बोहनी झाली आणि शेजाऱ्याची व्हायची असली, की पुढचं गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवायचं, हा आमच्या बाजाराचा बापजाद्यांपासूनचा रिवाज. एकट्यानेच पोट भरायचं तर बाजारात कशाला बसायचं, जंगलात राहावं, असं हाजसाहेबांचे वडील म्हणत.

घोटाळा एवढाच झाला, की हा कट हाजसाहेबांना कुणी सांगितला नाही.

दुकान उघडल्या उघडल्या एका म्हातारीने घासाघीस न करता उशी नेली. हाजसाहेबांनी पैसे कपाळाला लावले आणि लेकीकडे ऐटीत पाहिलं. मग घामाघूम झालेली उम्म फादी आली. लेकीचं लग्न होतं, दुपारी सगळं सामान सासरी जायचं होतं आणि नेमकी रजईच राहिली होती.

"अबू तलालने पाठवलंय. म्हणाला, माझी बोहनी झाली."

"माझीही झाली!" हाजसाहेब आनंदाने म्हणाले. "इस्कंदरची व्हायचीय. तिकडे जा, ताई."

रुबा ताडकन उठली. "बाबा! गिऱ्हाईक होतं ते!"

"होतं ना. चांगली होती बाई."

तिकडे इस्कंदरने बाईंना पायरीसुद्धा चढू दिली नाही. "माझी कधीच झाली. हाजसाहेबांकडे जा."

"त्यांनीच तर पाठवलं!"

"मग त्यांना म्हणावं, इस्कंदरनेच परत पाठवलं."

उम्म फादी परत आली. हाजसाहेब विचारात पडले. "म्हणजे अबू तलालच राहिला. मघाशी तो भिडेपोटी खोटं बोलला असणार. लाजाळू आहे हो, जरा आग्रह करा."

अबू तलालने कानाला हात लावून सांगितलं, की आज आपल्याला विकण्यासारखं काही उरलंच नाही. त्याच्या पाठीमागे छतापर्यंत रजया रचलेल्या होत्या. उम्म फादीने त्या रजयांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि उलट पावली येऊन हाजसाहेबांच्या गाद्यांच्या थप्पीवर बसकण मारली.

"आता मी उठत नाही. लग्न राहिलं तरी चालेल! विकणारा माणूस शोधून आणा, मगच मला हाक मारा."

हा आवाज ऐकून दोघे शेजारी धावत आले. रुबाने त्यांना दारातच गाठलं.

"काका, मी सकाळपासून इथे बसलेय. या बाईंशिवाय तुमच्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही. मग बोहनी कुणाची झाली?"

इस्कंदरच्या तोंडात तीळ भिजत नाही. "तुझ्या बाबांसाठी गं, पोरी. तू त्यांना घेऊन जाशील म्हणून..."

हाजसाहेबांचा चेहरा उतरला. "आणि ती उशीवाली म्हातारी?"

अबू तलाल आपल्या चपलांकडे बघू लागला. "माझी आत्या."

हाजसाहेब हळूच खाली बसले. आयुष्यभर त्यांनी लोकांना गिऱ्हाइकं दिली होती, कुणाची दया घेतली नव्हती. "रुबा, गाडी आण," ते म्हणाले. "चल, जाऊ."

"दया कसली?" अबू तलाल भडकला. "माझ्या दुकानात पाणी भरलं त्या वर्षी दारात गिऱ्हाइकांची रांग कुणी लावली होती?"

"मला काय माहीत," हाजसाहेब भिंतीकडे बघत म्हणाले.

रुबा गाडी आणायला उठली नाही. "बाबा, माझ्या खालच्या मजल्यावरचा माणूस मला ओळखतो ते फक्त आमचं पाणी त्याच्याकडे गळतं म्हणून. आणि इथे तुम्हाला ठेवून घ्यायला ही माणसं स्वतःचा धंदा बुडवून बसलीत. यांच्यातून उचलून तुम्हाला कुठे नेऊ? राहा तुम्ही. दुकान चालतंय. कसं चालतंय ते मात्र मला विचारू नका."

तेवढ्यात थप्पीवरून घोरण्याचा आवाज आला. उम्म फादी आडवी झाली होती. रुबा तिला हलवायला गेली, तर हाजसाहेबांनी खूण करून अडवलं.

"थोडा वेळ राहू दे. नवरीची आई आहे, महिनाभर झोपली नसेल." त्यांनी वरची लाल साटीनची रजई काढली आणि तिच्या अंगावर घातली.

"बाबा, विकायची आहे ती!"

"असू दे गं."

अजान झाली तशी उम्म फादी दचकून उठली. अंगावरची रजई तिने चाचपली, गालाला लावून पाहिली. "हीच द्या. इतकी गाढ झोप कधी लागली नव्हती मला."

हाजसाहेबांच्या चेहऱ्यावर एक ओळखीचं हसू उमटलं. त्यांनी इस्कंदरकडे पाहिलं. "ताई, खरं सांगायचं तर आज याची अजून..."

रुबाने झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. उम्म फादी रजई घेऊन गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तिने तो काढला नाही.