उपाशी ज्वारीला बाळसं

सोलापुरात खरे गुप्तहेर किती, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच आहे आणि ते म्हणजे मी. माझं नाव सिद्धराम. आडनाव मी गुप्त ठेवतो, तो धंद्याचा भाग आहे. ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, ही गोष्ट वेगळी. दिवसभर मी चादरींच्या दुकानात घड्या घालतो, त्यामुळे गोष्टी उलगडण्याचा मला दांडगा सराव आहे. गिऱ्हाईक पन्नास चादरी उलगडायला लावतं आणि एक पंचा घेऊन जातं. मनुष्यस्वभावाचा याहून खोल अभ्यास कुठे होत असेल, असं मला वाटत नाही.

माझी पत्नी वैजयंती हिला लोक माझी सहायक समजतात. तसं काही नाही. स्कूटर तिला चालवता येते आणि मला येत नाही. ती पुढे बसते म्हणून गुन्ह्याच्या जागी माझ्या हातभर आधी पोचते, इतकंच.

त्या शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावरची राजेश्वरी डोळे सुजवून खाली आली. पोरगी कॉलेजात ज्वारीवर संशोधन करते.

"काका, माझी तीन वर्षं गेली."

"चोरीला?" मी वही काढली.

"वाया," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

प्रकरण असं होतं. मंगळवेढ्याच्या माळावरच्या गवताच्या मुळांतून तिने काही जिवाणू शोधले होते. ते मातीत सोडले की ज्वारी कमी पाण्यातही तग धरते, असं दोन हंगामांत दिसलं होतं. यंदाचा तिसरा आणि शेवटचा. कॉलेजच्या शेडमध्ये चाळीस कुंड्या, दहा-दहांच्या चार ओळी. पहिलीला जिवाणू, दुसरीला दुकानातलं खत, तिसरीला चुंबकावरून सोडलेलं पाणी (ही तिच्या सरांची हौस), आणि चौथीला काहीच नाही, नुसतं पाणी. चौथी कशाला? तर बाकीच्यांशी ताडून बघायला. आणि यंदा नेमकी ती चौथीच सगळ्यांच्या वर गेली होती.

"म्हणजे माझ्या जिवाणूंपेक्षा काहीच न घालणं बरं! सोमवारी समितीपुढे हेच सांगायचं का मी?"

"रडू नकोस," मी म्हणालो. "गुन्हेगार रविवारपर्यंत तुझ्या पायाशी असेल."

"आधी चहा घे," वैजयंती म्हणाली. तिला प्रसंगाचं गांभीर्य कधी कळतच नाही.

तासाभरात आम्ही शेडमध्ये होतो. मी खिळ्यावर टोपी अडकवली. तिथे आधीच एक कापडी पिशवी लटकत होती, ती बाजूला सारून जागा करावी लागली. मग ज्वारी हाताने मोजली. चौथी ओळ बाकीच्यांहून पुरती वीतभर उंच होती. फक्त तिची दहावी कुंडी, पाण्याच्या टाकीमागची, मरतुकडी होती.

"ही अशी का?" वैजयंतीने विचारलं.

"तो अपवाद आहे," मागून आवाज आला. हे राजेश्वरीचे मार्गदर्शक, डॉक्टर मृत्युंजय. "आकडेवारीतून आम्ही तो वगळला आहे. अपवाद ठेवले तर निष्कर्ष कसे निघणार?"

सरांना मात्र दुःख अजिबात नव्हतं. त्यांच्या हातात कालचं वर्तमानपत्र होतं. त्यात त्यांचा फोटो आणि वर मथळा, 'काहीही न घालता ज्वारी जोमात!' सर म्हणाले, "पाहा, वैद्यक सांगतं, उपासाने प्रकृती सुधारते. जीवशास्त्र सांगतं, ताण पडला की मुळं खोल जातात. आणि पदार्थविज्ञान सांगतं, पोकळीतसुद्धा ऊर्जा असते. तिन्ही एकत्र आणणारा जगात मी पहिलाच."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वैरागचा कुणी शेतकरी होता. आवाज शेडभर ऐकू येत होता. "साहेब, पेपरात वाचलं. आमी तर चार वर्षं रानात कायबी घालत न्हाय. मग आमचं का उगवंना?"

"तुमचं न घालणं शास्त्रीय नसेल," सरांनी सांगितलं आणि फोन ठेवला.

मी तपासाला लागलो. शेडच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. राजेश्वरी, सर आणि झाडलोट करून पाणी घालणाऱ्या केराबाई. केराबाई यंदाच वसतिगृहाच्या भोजनगृहातून इकडे बदलून आल्या होत्या. मी त्यांना करड्या आवाजात विचारलं, "हितं कुणी चोरून आलेलं पाहिलंत?"

"न्हाय बा."

त्यांना मी लगेच संशयातून मुक्त केलं. झाडणाऱ्या माणसाला पुरावे आयते झाडून टाकता येतात, आणि इतकी सोय कुठलाही गुन्हेगार स्वतःची करून घेत नाही.

माझा पहिला सिद्धान्त चुंबकाचा. "चुंबक ओढतो. दुसऱ्या ओळीचं खत चौथीकडे ओढलं गेलं."

"पण काका, चुंबकाचं पाणी तिसरीला आहे."

"म्हणून तर कुणाला संशय आला नाही!"

दुसरा सिद्धान्त मत्सराचा. बाकीच्यांना खाताना बघून चौथी ओळ ईर्ष्येने वाढली. माझा मेहुणा याच रीतीने दुमजली घरापर्यंत पोचला आहे. वैजयंतीने माझ्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा तो सिद्धान्त मी मागे घेतला.

तिसरा मात्र बिनतोड होता. या निकालाने फायदा कुणाचा? फोटो कुणाचा छापून आला? मी बोट रोखलं. "चौथ्या ओळीला चोरून खत घालणारा माणूस म्हणजे, डॉक्टर मृत्युंजय, तुम्ही!"

सर लालबुंद झाले. "मी? वीस वर्षांत मी मातीला हात लावलेला नाही! कुणालाही विचारा!"

राजेश्वरीने मान डोलावली. हे खरं होतं. सरांनी मला दार दाखवलं आणि मी मानाने टोपी घ्यायला वळलो.

वैजयंती खिळ्यापाशीच उभी होती. "केरामावशी, ह्या पिशवीत काय ओ?"

"लेंड्या," केराबाई म्हणाल्या. "आमच्या भावाची मेंढरं हायती की सांगोल्याकडं. वाळवून कुटून आणती मी."

"कशाला?"

"ह्या वळीला घालाया. दर सोमवारी मूठमूठ."

राजेश्वरी पिशवीत डोकावून म्हणाली, "मावशी, मी सांगितलं होतं ना, ह्यांना काही द्यायचं नाही म्हणून?"

"सांगितलं की. पर बाई, वीस वर्सं वाढपं केलंय मी. चार पंगती बसवायच्या, तिघींना वाढायचं आन् चवथीला नुसतं पाणी? असला पंक्तिप्रपंच बघवंना मला. मला वाटलं, सरकारी माल संपला आसंल. म्हनून घरचं आनलं."

"तीन वर्षांचं काम नासवलंत!" सर ओरडले. त्यांना बहुधा स्वतःचा फोटो आठवला असावा. "उद्यापासून कामावर येऊ नका!"

केराबाईंचा चेहरा उतरला. पदराने हात पुसत त्या म्हणाल्या, "उपाशी ठिवायचं ह्येच काम हुतं, ह्ये मला म्हाईत न्हवतं, साहेब." मला त्या क्षणी सरांचा मनापासून राग आला. सिद्धान्त चुकल्याचा राग त्यात थोडाच होता.

वैजयंतीने मात्र वाकून टाकीमागे पाहिलं. "आणि हिला, मावशी?"

"तितवर हात पोचत न्हाय. कंबर धरती माजी. लई वाईट वाटायचं तिच्याकडं बघून."

राजेश्वरी धावली. मरतुकडी दहावी कुंडी तिने दोन्ही हातांनी उचलली आणि लेकरासारखी छातीशी धरली. "सर, खरी उपाशी हीच! हिच्याशी ताडलं तर माझे जिवाणू कुठल्या कुठे पुढे आहेत!" तुम्ही वगळलेली, असं ती म्हणाली नाही. शहाणी पोर आहे.

एका कुंडीवर पदवी मिळत नाही. पण सोमवारी समितीने सगळं ऐकून घेतलं आणि तिला आणखी एक हंगाम दिला. नव्या हंगामातही ओळी चारच आहेत, फक्त चुंबकाच्या तिसरीला आता लेंडीखत. चुंबक सरांच्या टेबलावर कागद दाबायला गेला. "केरामावशी नसतील तर मीही नाही," असं राजेश्वरीने सांगितल्यामुळे पाणी अजून केराबाईच घालतात.

प्रकरण मी सोडवलं, हे उघड आहे. टोपी अडकवताना पिशवी बाजूला सारली नसती तर ती वैजयंतीच्या नजरेला पडली असती का?

परवा पाहणीसाठी शेडमध्ये गेलो होतो. चौथी ओळ पार मलूल, माना टाकून उभी होती. कुणी बघत नाही असं पाहून मी वैजयंतीने दिलेल्या ताकातलं घोटभर एका कुंडीकडे नेलं. तोच मनगटावर चापटी बसली.

"काय करताय ओ? कळतंय का काय?" केराबाई गरजल्या.

"बघवत नाही हो."

"मला तरी कुटं बघवतंय? पर राजेश्वरीबाईनं नीट समजावून सांगितलंय औंदा." त्यांनी चौथ्या ओळीला हात जोडले आणि आवाज खाली आणला. "त्यास्नी उपास हाय. आन् उपास मोडायचं पाप मी न्हाय करायची."