संत्र्याच्या पेटीमागचे प्रिन्सिपल

मॅट्रिकचा निकाल लागला की आमच्या शेजारचे गणपतकाका प्रिन्सिपल व्हायचे. एरवी ते सौंसरातले साधे संत्र्याचे बागाईतदार, अंगात बंडी आणि खांद्यावर दुपट्टा. पण निकालानंतर, जीव नकोसा करणाऱ्या त्या उकाड्यात, ते लग्नातला काळा कोट चढवत, परसातल्या छपरीत संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांचं टेबल मांडत आणि पास झालेल्या एकेका पोराला बाहेर ओट्यावर ताटकळत ठेवत. कोणी कुरकुरलं तर म्हणत, "खरा प्रिन्सिपल लगेच बोलावते काय? बसू दे. सवय होऊ दे."

या वेडाचं मूळ त्यांच्या पुतण्यात होतं. त्याला घेऊन काका नागपूरच्या एका कॉलेजात गेले होते. तिथल्या साहेबांनी विचारलं, "कोणते विषय घेणार?" पुतण्या म्हणाला, "जे उरले असतीन ते द्या." काका ही गोष्ट सांगताना दर वेळी कपाळावर हात मारायचे. "मले वाटलं, धरती फाटन तं बरं. बाजार उठल्यावर भाजी घ्याले आला काय रे तू?" तेव्हापासून त्यांनी ठरवलं, की सौंसरचं पोर तयारीशिवाय कॉलेजच्या खोलीत पाय ठेवणार नाही.

मुलाखत घेताना ते पुस्तकी मराठी बोलत. मधेच हिंदी. इंग्रजी त्यांना दोन-तीन शब्दांपुरतं येई, त्यात 'नेक्स्ट' त्यांचा फार लाडका. पोरगं बोबडी वळून उभं राहिलं की ते पेटीवर बोटं वाजवत, "विचार करून सांगा, पण लवकर सांगा." दोन्ही एकदम कसं करायचं, हे त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती.

विषय निवडण्याचं त्यांचं शास्त्रही बागेतलंच. "संत्र्याले आंबिया अन् मृग, दोनी बहार धरशीन तं झाड वायते. एकच धर." म्हणजे डॉक्टरही व्हायचं आणि वकीलही, असलं चालणार नाही. मी एकदा म्हटलं, "काका, मग तुम्ही हिंदी अन् मराठी दोन्ही घ्या म्हणता ते?" काका क्षणभरही अडले नाहीत. "तो बहार नाही, ते पानी होय. पानी दोन विहिरीचं चालते."

हा दोन विहिरींचा सिद्धांत नवा होता. राज्यांची मोडतोड नुकतीच झाली होती. नागपूर मुंबईकडे गेलं आणि आम्ही राहिलो इकडेच, राजधानी भोपाळ. कालपर्यंत बसने जाऊन संध्याकाळी परत येत होतो ते नागपूर एका रात्रीत परराज्य झालं. पोरांना शिकवावं कुठे, यावर चौकाचौकात पंचायती बसत. काकांचा निकाल तयार होता. "शिक्षन नागपूरचं घ्या, नोकरी भोपाळची करा. दोघांलेही नाराज नोका करू."

त्या साली मुलींमध्ये आम्ही दोघीच मॅट्रिक झालो, मी आणि काकांची लेक सिंधू. नागपूरच्या कॉलेजातून सोमवारी भेटायला बोलावणं आलं. माझ्या वडिलांनी साफ सांगितलं, "सिंधू असन तं जाय. एकली नाही." म्हणजे माझं सगळं शिक्षण सिंधूच्या पदराला बांधलेलं.

काकांच्या मुलाखतीत मी दुसऱ्याच खेपेला पास झाले. खरं तर अर्थशास्त्र का घेणार, याला मी "आवडते" एवढंच उत्तर दिलं होतं. काका खूश. "नेक्स्ट!"

सिंधू मात्र पास होईना. तिला गणित घ्यायचं होतं, आणि का घ्यायचं ते ती इतकं सुरेख सांगायची की मलाही दोन मिनिटं गणित आवडू लागे. काका मान हलवत. एक दिवस म्हणाले, आवाज लहान आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आवाज मोठा आहे. मग बसण्याची रीत चुकली. मग नुसतंच, "कच्ची आहे अजून."

शनिवार उजाडला तरी तेच. मला रडू यायला लागलं. सिंधू शांतपणे म्हणाली, "बाबा तयारी नाही करून राहिले, कमल. लांबवून राहिले." सिंधूची आई वारल्यापासून त्या घरात दोघंच होती. काका शेतावरून आले की सिंधू वाढी, तेव्हाच जेवत. ती मामाकडे गेली तर दूध पिऊन झोपत.

त्या दुपारी शेवटची मुलाखत झाली. मी ओट्यावर बसून ऐकत होते. गणिताचे प्रश्न संपले. पेटीवरची बोटं थांबली.

"घरी कोण कोण असतं?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी आजवर कोणालाच विचारला नव्हता.

"वडील आहेत, सर."

"आणखी?"

"आणखी कोणी नाही."

"मग आपण इकडे आल्यावर त्यांचं कसं?"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. सिंधू शिकवल्याप्रमाणे ताठ बसली होती, हात मांडीवर, पण डोळे भरलेले.

"तीच काळजी आहे, सर. त्यांना हातानं वाढून घेता येत नाही. मी रोज शिकवते, ते रोज नापास होतात."

काका हसले नाहीत. त्यांनी कोट काढला आणि पेटीवर ठेवला. आतली बंडी घामानं अंगाला चिकटली होती. त्यांचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं.

"पास आहेस माय तू. पयल्याच दिवशी पास होती."

मग दाराकडे बघून ओरडले, "कमल, तुह्या बापाले सांग, सोमवारी पयल्या बसनं निघाचं आहे." आणि उठून स्वयंपाकघराकडे वळले. सिंधू मागोमाग उठायला लागली, तर त्यांनी तिला खांद्याला धरून पुन्हा खाली बसवलं.

"तू बस. ताट आज मी घेतो. कुठं काय ठेवलं आहे, तेवढं बसल्या बसल्या सांगत जाय."