केंपीची मऊ अंडी

सयाजीराव खुराड्यात हात घालून अंडं चाचपत होते. हाताला लागलं ते कोमट होतं, गोलही होतं, पण बोट टेकताच बोट आत गेलं. त्यांनी हात बाहेर ओढला, लुंगीला पुसला आणि वाकून पाहिलं. गवतावर अंड्याच्या आकाराचं काहीतरी पडलं होतं. टरफलाचा मात्र पत्ता नव्हता. नुसतं पातळ कातडं, आणि त्यातून आतला बलक धूसर पिवळा दिसत होता. उचललं तर ते तळहातावर पाण्याच्या पिशवीसारखं डुललं. तांबडी केंपी शेजारीच उभी होती आणि मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत होती. हे काय झालं ते त्यांनीच सांगावं, असा तिचा चेहरा होता.

सयाजीरावांची सगळी नोकरी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली होती. केसाइतका फरक दिसला की माल परत. निवृत्त होऊन मल्लेश्वरमच्या घरी बसल्यावरही ती सवय सुटली नव्हती. घेवड्याची शेंग न् शेंग वाकवून बघत, त्यामुळे भाजीवाला त्यांना लांबून पाहताच गाडी पुढच्या गल्लीत वळवत असे. पण असा सदोष माल त्यांच्या हाती आजवर आला नव्हता, आणि परत पाठवायचा तर कुठं, हाही प्रश्न होता.

कोंबड्या खरं म्हणजे कौशल्याबाईंच्या. घराणं बेंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की घरातली मराठी निम्मी कन्नड होऊन बसली होती. म्हणून तांबडी ती केंपी, काळी ती कप्पी, आणि डुलत चालणारी जाडी ती गुंडी. कौशल्याबाईंना गल्लीत सगळे अक्का म्हणत. वयानं मोठे असलेले शेजारचे भीमाचार्यसुद्धा. हुबळीला त्यांची धाकटी बहीण न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसली, तेव्हा अक्का तिच्या मदतीला निघाल्या. रिक्षात बसता बसता त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, "खाद्य वेळेवर घाला, पाणी बदला, आणि बाकी काही करू नका."

शेवटच्या तीन शब्दांवर त्यांनी जोर दिला होता. सयाजीरावांना तो त्यांच्या कर्तबगारीवरचा अविश्वास वाटला. म्हणून रिक्षा वळणावरून दिसेनाशी होताच त्यांनी खुराड्याची सफाई काढली. गवत बदललं, पाट्या घासल्या. कोपऱ्यात एका करवंटीत शिंपल्यांचे फुटके तुकडे पडले होते. इतकी टापटिपीची बाई आणि हा कचरा इथंच ठेवते, याचं त्यांना नवल वाटलं. करवंटी उचलून त्यांनी कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत रिकामी केली.

मऊ अंडं सापडलं त्या संध्याकाळी हुबळीहून फोन आला. एरवी फोनवर सयाजीराव तीन शब्द बोलत: हं, बरं, ठेवतो. त्या दिवशी मनात पाप होतं. कोंबड्यांचा विषय तिनं काढण्याआधी आपणच काढलेला बरा, असा त्यांनी विचार केला आणि सुरुवात केली. केंपीच्या पिसांना कशी तकाकी आलीय, कप्पी कशी पोटभर जेवते, गुंडीची चाल किती डौलदार आहे. एसटीडीचा मीटर पळत होता आणि पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. शेवटी अक्कांनी विचारलं, "तुमचं जेवण झालं ना?" ते हो म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. पुढं रोज संध्याकाळी फोनवर हेच चाललं.

दुसऱ्या दिवशी कप्पीनंही तसलंच अंडं घातलं. आता सयाजीरावांनी कंबर कसली. खुराड्यासमोर बसायला वेताचा मोडा टाकला आणि चष्मा लावून बसले. दोष नेमका कुठल्या टप्प्यावर निर्माण होतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना समाधान नव्हतं. पण कोंबड्यांना असं समोरासमोर काम करायची सवय नव्हती. केंपी आत जाई, सयाजीरावांचा चष्मा बघे आणि बाहेर येई. गुंडीनं तर दिवसभर दम धरला आणि सांजावताना दांडीवर चढून तिथूनच अंडं सोडलं. ते खाली पडलं ते पडल्यासारखंही दिसेना. फरशीवर नुसता ओला डाग उमटला.

अशक्तपणा असणार, असं त्यांनी ठरवलं. बाजारातून पालकाच्या जुड्या आणल्या, चिरून घातल्या. दुपारी दहीभात कालवून घातला. कोंबड्या तुटून पडल्या. अंडी आणखी मऊ झाली.

सल्ला घ्यायला जवळपास भीमाचार्यांशिवाय कुणी नव्हतं. आचार्य शाळेतून संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, पूजाअर्चा करणारे, घरात कांदा-लसूणसुद्धा न येऊ देणारे. कुंपणाच्या भिंतीपलीकडे ते तुळशीला पाणी घालत होते.

"आचार्य, कोंबडीनं मऊ अंडं घातलं तर काय समजायचं?"

भीमाचार्यांनी डोळे मिटले. "तो शब्द सोडून बोला. सोवळ्यात आहे मी."

"बरं. कोंबडीनं ते मऊ घातलं तर?"

"मऊ असणं वाईट का?"

"फुटतं ना."

"कडकही फुटतंच की," आचार्य म्हणाले. मग तांब्या खाली ठेवून त्यांनी गंभीरपणे विचार केला. अक्का गेल्यापासून त्या मुक्या जिवांचं मन लागत नसेल, असं त्यांचं मत पडलं. घरचं माणूस गेलं की कुणाचंही असंच होतं.

"माणसं काही अंडी घालत नाहीत," सयाजीराव म्हणाले.

"तो शब्द," आचार्य म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

शेवटी सयाजीरावांनी केंपीला कापडी पिशवीत घातलं, तिची मान तेवढी बाहेर ठेवली, वरून टॉवेल पांघरला आणि हेब्बाळच्या जनावरांच्या दवाखान्यात जायला बस धरली. मेखरी सर्कलपर्यंत प्रवास बरा झाला. तिथं ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. केंपीनं दचकून पिशवीतच अंडं घातलं आणि लगेच त्याच्यावर बसली. पिशवीच्या बुडातून थेंब ठिबकू लागले. कंडक्टरनं काय सांडलं म्हणून विचारलं.

"मोसरू," सयाजीराव म्हणाले. दह्याचा कन्नड शब्द त्यांच्या तोंडात आधी आला.

तेवढ्यात पिशवीतलं दही 'कॉक' असं बोललं. कंडक्टरनं टॉवेल उचलला. त्यानंतर सयाजीराव हेब्बाळपर्यंतचं उरलेलं अंतर पायी चालले. कडेवर केंपी होती. तिला मोकळी हवा मानवली असावी, कारण वाटेत तिनं येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना नीट न्याहाळून घेतलं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं केंपीला वजनकाट्यावर ठेवलं, पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं की ही आजारी नाही, लठ्ठ आहे. मग खाणं विचारलं. सयाजीरावांनी अभिमानानं पालक आणि दहीभात सांगितला. तिनं समजावून दिलं की टरफल बनतं चुन्याचं. पालक फार झाला की तो चुना अंगी लागत नाही, आणि भातानं पोट भरलं की कोंबडी तिच्या खाद्याला चोचच लावत नाही. त्यातून हा उन्हाळा. शिंपल्यांचा चुरा तरी ठेवता ना, असं तिनं विचारलं, तेव्हा सयाजीरावांना कचराकुंडीत गेलेली करवंटी आठवली आणि ते भिंतीवरच्या म्हशीच्या चित्राकडे बघू लागले.

"घाबरवतं का त्यांना कुणी? कुत्रं, मांजर?"

"कुणी नाही," ते म्हणाले. मग प्रामाणिकपणानं पुढं म्हणाले, "मी समोर बसतो. तपासायला."

डॉक्टरनं पेनाचं टोपण दातात धरलं आणि बराच वेळ खाली मान घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. निघताना म्हणाली, "प्रेम स्वल्प कमी करा. सरी होईल, सगळं ठीक होईल."

सयाजीरावांनी शिंपल्यांचा चुरा आणला, पालक बंद केला, मोडा माळ्यावर टाकला. तरी अंडी काही सुधारेनात. मग त्यांच्यातला तपासनीस पुन्हा जागा झाला, पण आता खुराड्यासमोर बसायची सोय नव्हती. सकाळी ते स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभे राहिले.

आधी त्यांचा मुलगा गिरीराज आला. कंपनीत जायला स्कूटर काढता काढता त्यानं इकडेतिकडे पाहिलं, खिशातून बिस्किटाचा पुडा काढला आणि कुस्करून कोंबड्यांपुढं टाकला. तो गेला आणि सून हर्षिता बँकेत जाण्याआधी कालचा उरलेला चित्रान्न भात घेऊन आली. "अक्का येईतोवर खा गं बायांनो," असं म्हणून तिनं ताटली रिकामी केली. ती गेल्यावर अंगण जरा शांत झालं. मग भिंतीवर सोवळ्यातला एक हात आला. कावळ्यासाठी ठेवायची तूप घातलेली भाताची मूद त्या हातानं भिंतीवर ठेवली, क्षणभर थांबला, आणि एका बोटानं मूद हळूच अलीकडं ढकलली. गुंडी खाली चोच वर करून उभीच होती. जागा तिला पाठ होती.

रात्रीची जेवणं झाल्यावर सयाजीरावांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि जाब विचारला. भीमाचार्य भिंतीपलीकडं उभे होते. आपल्या एकट्याचंच असं चाललंय असं प्रत्येकाला वाटत होतं. हर्षिता म्हणाली की कोंबड्या दाराशी येऊन अक्कांना शोधतात, तिला बघवत नाही. आचार्यांनी कावळे हल्ली येतच नाहीत असं सांगून पाहिलं. गिरीराज चपलेनं मातीत रेघ ओढत होता.

"घर रिकामं वाटतं, अप्पा," तो म्हणाला. "त्यांना काही घातलं की बरं वाटतं."

मग भिंतीपलीकडून आचार्यांनी विचारलं, "आणि तुम्ही काय घालत होता, सयाजीराव?"

"पालक," सयाजीराव म्हणाले. "आणि दहीभात."

त्या दिवसापासून घराला शिस्त लागली. गिरीराज बिस्किटं स्वतः खाऊ लागला, आचार्य मूद भिंतीच्या त्यांच्या बाजूला ठेवून कावळा येईपर्यंत पहारा करू लागले. कोंबड्यांनी दोन दिवस रुसवा धरला, मग नाइलाजानं खाद्य आणि चुरा टिपू लागल्या. अंड्यांना आधी कागदासारखं, मग खरखरीत, मग ठिकठिकाणी सुरकुतलेलं टरफल येऊ लागलं. आणि एका सकाळी केंपीच्या गवतात सयाजीरावांच्या हाताला घट्ट, गुळगुळीत, नेटकं अंडं लागलं. त्यांनी नखानं वाजवून पाहिलं. उन्हात धरून चहूबाजूंनी फिरवलं. शेरा मारण्याजोगं काही सापडलं नाही. सगळ्यांना दाखवावं म्हणून त्यांनी ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या. येणार असल्याचं त्यांनी कळवलं नव्हतं. कोंबड्या धावत त्यांच्या पायाशी आल्या, पण त्यांनी तिकडं पाहिलंही नाही. सरळ सयाजीरावांपुढं येऊन त्यांच्या कपाळाला हात लावला.

"ताप तर नाही," त्या म्हणाल्या. "मग झालंय काय तुम्हाला?"

रोज संध्याकाळी फोनवर हा माणूस कोंबड्यांवर एवढं बोलत होता की बहिणीनंच त्यांना पिटाळलं होतं. जा, भावोजींचं काहीतरी बिनसलंय, माझं बघायला माझी लेक आलीय. रात्रभर गाडीत अक्कांचा डोळा लागला नव्हता. आवाज ऐकून हर्षिता आणि गिरीराज बाहेर आले आणि दोघांनी मिळून सगळी हकिकत सांगितली. करवंटी, मोडा, बस, बिस्किटं. अक्का पायरीवर बसून ऐकत राहिल्या आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. उन्हाळ्यात एखादं मऊ अंडं दरवर्षी निघतंच, असं त्यांनी सांगितलं. त्या ते गुपचूप आमलेटात घालतात. नवऱ्याला कधी कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर काय झालं असतं ते आता सगळ्यांनी पाहिलंच होतं.

मग डोळे पुसून त्या उठल्या. "चला, म्हणजे इथं सगळं सरी आहे. मग मी उद्याच्या गाडीनं परत जाते. तिचं प्लास्टर निघायचंय, लेक तरी किती दिवस राहणार?"

हर्षिताचा चेहरा पडला. गिरीराजनं वडिलांकडं पाहिलं. खराब माल त्यांनी जन्मात कधी पास केला नव्हता, आणि चांगला माल नापासही केला नव्हता.

"सरी कुठलं," ते म्हणाले. "अजून मऊच घालताहेत. आज सकाळीसुद्धा."

"खरं?"

"अगदी मऊ. हात लावायची सोय नाही."

आणि विषय वाढू नये म्हणून ते अक्कांची पिशवी उचलायला घाईनं खाली वाकले. पिशवी जड होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी घेतली.

खिशातून 'टक्' असा आवाज आला. बारीक होता, पण स्वच्छ होता. मऊ अंड्याला तसा आवाज करता येत नाही, हे अंगणातल्या सगळ्यांना एव्हाना चांगलं माहीत होतं. पिशवीमागून शर्टावर पिवळा ओघळ हळूहळू खाली उतरला.

अक्कांनी ओघळाकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. तो पिशवी धरून समोरच्या जास्वंदीकडं बघत होता.

"मऊ आहेत म्हणता?"

"स्वल्प," सयाजीराव म्हणाले.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी त्यांच्या हातातून काढून हर्षिताकडं दिली. "गिरी, हुबळीला फोन लाव. मावशीला म्हणावं, कोंबड्यांची तब्येत अजून नाजूक आहे. मला आठ दिवस तरी लागतील." आणि मग सयाजीरावांकडं वळून म्हणाल्या, "तो शर्ट काढा आधी."