एफीच्या सासूचा घोडा

मर्डीना बीटन स्वयंपाकघरात लापशीच्या पातेल्यासकट आडवी झाली तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते, आणि तिच्या मनात पहिला विचार हाडांचा आला नाही. पहिला विचार आला तो हा, की आपण कशाने पडलो हे कुणाला कळता कामा नये.

"हेक्टर!" ती पडल्या पडल्या ओरडली. "फोनला हात लावू नकोस!"

"लावला," बाहेरच्या खोलीतून तिचा नवरा म्हणाला. "निघालेत ते."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात सांगायच्या आधी हेक्टरने काम केल्याची ही पहिलीच वेळ.

मर्डीना एकाहत्तर वर्षांची. तीस वर्षं तिने आमच्या खाडीवरचं पोस्ट सांभाळलं आणि निवृत्त झाल्यावर गावाची हाडं सांभाळायला घेतली. चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी तिचा वर्ग भरतो. चौदा बायका आणि दोन बापे खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर उभे राहतात, आणि समोर मर्डीना शिट्टी घेऊन. पडायचं नाही, एवढाच त्या वर्गाचा अभ्यासक्रम. यात हसण्यासारखं काही नाही. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या या टोकाला मोठं इस्पितळ दोन तासांवर, बर्फ असेल तर साडेतीन. इथे म्हातारं माणूस एकदा पडलं की महिन्याभरात घराला 'विकणे आहे'ची पाटी लागते आणि माणूस शहरात लेकीच्या तळघरात जाऊन राहतं. मर्डीनाच्या वर्गामुळे दोन वर्षांत एकही पाटी लागली नव्हती. गावात तिला मान होता, आणि तो तिला फार आवडायचा.

वर्ग नसेल तेव्हा ती वही घेऊन घरोघर तपासणीला जायची. जिन्याला कठडा आहे का, न्हाणीत धरायला दांडा आहे का, सगळं बघायची. पण तिचा खरा दावा होता गालिच्यांशी. गोणपाटावर जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या आकड्याने ओढून केलेला गालिचा नाही असं स्वयंपाकघर आमच्या किनाऱ्यावर सापडायचं नाही. आजोबांची विजार, काकांचा लढाईतला कोट, सगळे शेवटी आमच्या पायाखाली येतात. मर्डीनाने ते एकेक करून उचलायला लावले.

पाच आठवड्यांपूर्वी ती रस्त्यापलीकडच्या एफी गिलिसकडे गेली. एफी तिची लहानपणापासूनची मैत्रीण. नवरा आर्ची जाऊन दोन वर्षं झालेली. एफीच्या चुलीपुढे तिच्या सासूने केलेला पाच फुटी गालिचा होता. निळ्या समुद्राकाठी तपकिरी घोडा, आणि घोड्याला पाय पाच. पाचवा पाय म्हणजे शेपूट, असं गिलिस घराण्याचं म्हणणं होतं.

"हा जायला हवा, एफी."

"जायलाच हवा का गं?" एफीने एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं.

"हो. आणि आजच."

"मग तूच घेऊन जा बाई. सरळ कचऱ्यात टाक. मला बघवायचं नाही." एफीने पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते.

मर्डीनाने गालिचा गाडीत टाकला. पण कचरा टाकायची जागा त्या दिवशी बंद होती. दुसऱ्या दिवशी वर्ग. तिसऱ्या दिवशी तिने तो नुसता बघायला म्हणून बाहेर काढला.

आता इथे भिंतींचं सांगायला हवं. मर्डीनाने नुकताच स्वयंपाकघराला रंग दिला होता. अकरा निळ्या पट्ट्या तीन महिने भिंतीला चिकटवून तिने एक निवडली होती. हेक्टरला विचारलं तर तो अकराही पट्ट्यांना "निळाच आहे" म्हणाला होता. गालिच्यातला समुद्र नेमका त्याच निळ्याचा निघाला. मर्डीनाने तो चुलीपुढे टाकला, दोन पावलं मागे सरली, आणि गावच्या हाडांची राखणदार तिथल्या तिथे विरघळली. संध्याकाळपर्यंतच राहू दे, असं तिने हेक्टरला सांगितलं. तेव्हापासून एफी येताना दिसली की घोडा पलंगाखाली जायचा आणि एफी गेली की परत चुलीपुढे यायचा. प्रत्येक वेळी मर्डीनाला मनातून खजील वाटायचं. खजील होऊनही ती गालिच्याचे कोपरे मात्र नीट सरळ करायची.

त्यातला डावा कोपरा काही केल्या सरळ राहायचा नाही. त्या सकाळी त्यानेच तिला आडवं केलं.

"आता काय करायचं?" हेक्टरने दारात येऊन विचारलं.

पडल्यावर काय करायचं हे मर्डीना गेली दोन वर्षं शिकवत होती. कुशीवर वळायचं, रांगत जवळच्या खुर्चीपाशी जायचं, तिच्या आधाराने उठायचं. पण खुर्च्या अंगणात होत्या. भिंतींना शोभाव्यात म्हणून तिने सहाच्या सहा पांढऱ्या रंगवल्या होत्या आणि दुसरा हात अजून ओला होता.

"गालिचा ओढ माझ्याखालून. लवकर!"

हेक्टरने ओढला. मर्डीनाने अशी किंकाळी फोडली की त्याने सोडून दिला. घोटा टम्म सुजला होता. तेवढ्यात वळणावर अग्निशामक दलाचा भोंगा ऐकू आला.

"गोधडी आण! मोठी! टाक अंगावरून. माझ्या नाही, गालिच्याच्या अंगावरून!"

आमच्याकडे आगीला, बुडणाऱ्याला आणि पडलेल्याला गावचीच माणसं धावून येतात. डंकन मॅकलेलन एरवी शाळेची बस चालवतो. तो आणि आणखी दोघं पेटी घेऊन आत आले, तेव्हा मर्डीना गळ्यापर्यंत गोधडी घेऊन, तिच्या कडा दोन्ही बाजूंना पसरून राजघराण्यातल्या प्रेतासारखी पडली होती.

"मावशी, अजिबात हलू नका हं."

"मी हलणारच नाहीये," मर्डीना म्हणाली. त्या सकाळी यानंतर बराच वेळ ती खरं बोलली नाही.

"कशाने पडलात?"

"कशाने नाही. चक्कर आली."

डंकनचा चेहरा बदलला. पाय घसरणं वेगळं आणि चक्कर येऊन पडणं वेगळं, त्यात अर्धांगाचा झटका असू शकतो, हे त्याला शिकवलेलं होतं. शिकवलं होतं मर्डीनानेच.

"मावशी, जरा हसून दाखवता?"

मनात लाज आणि वर हसू, हे एका तोंडाला जमत नाही. मर्डीनाने प्रयत्न केला.

"डावी बाजू उतरलीय," डंकन साथीदाराला हळूच म्हणाला.

"अरे, ती अशीच हसते," हेक्टर म्हणाला आणि भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढून घेऊन आला. "हे बघ."

डंकनने फोटो नीट बघितला. "काका, इथे उजवी उतरलीय."

"उजवीकडे तिची आई उभी होती."

"दोन्ही हात वर करा, मावशी."

मर्डीनाने एकच हात वर केला. दुसऱ्याने गोधडी धरली होती. ती सोडली असती तर घोड्याचं तोंड उघडं पडलं असतं.

"एकच हात वर होतोय," डंकन रेडिओत म्हणाला. "मावशी, गोधडी काढून पाठ बघू का?"

"गोधडीला हात लावायचा नाही!"

"पाठीलाही लागलंय," डंकन रेडिओत म्हणाला. मर्डीनाच्या मानेला पट्टा बसला. हाताला दाब मोजायचं यंत्र लागलं, आणि खोटं बोलल्यामुळे रक्तदाब जेवढा चढायला हवा तेवढा चढलेला निघाला. तिकडून विचारणा झाली, इकडून उत्तर गेलं, आणि शेवटी ठरलं की हेलिकॉप्टर पाठवावं. शाळेच्या मैदानावरून मुलांना आत घ्या, असा निरोप गेला.

डंकनचा रेडिओ म्हणजे काही खाजगी गोष्ट नव्हे. तो ऐकायचं यंत्र आमच्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतं आणि सकाळच्या चहाबरोबर ते चालू असतं. पाच मिनिटांत एफी दारात हजर. हातात काकवीच्या बिस्किटांचा डबा, एका पायात स्वतःचा बूट, दुसऱ्यात मेलेल्या नवऱ्याचा.

"मर्डीना!" ती गुडघ्यांचा विचार न करता जमिनीवर बसली आणि तिने मर्डीनाचा मोकळा हात धरला. "तू मला सोडून जायचं नाहीस, सांगून ठेवते. आर्ची गेला तेव्हा तू बारा रात्री माझ्याकडे झोपलीस. अशी बाई मला आता कुठे मिळायची?"

"तसं काही नाही गं..."

"बघ, जीभसुद्धा जड झालीय! साऱ्या गावाचे गालिचे उचललेस, आमचे पाय वाचवलेस, आणि तुझ्यावरच ही वेळ यावी?"

गोधडीखाली एफीच्या सासूचा घोडा मर्डीनाच्या पाठीला टोचत होता. खरोखरच आपली वाचा गेली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान काही बोलावं तरी लागलं नसतं.

रेडिओ खरखरला. "डंकन, हेलिकॉप्टर निघतंय. एकच आहे, तेव्हा खात्री करून सांग. डोंगरापलीकडे एक बाळंतीण अडलीय, तिच्याकडे मग अँब्युलन्सच पाठवावी लागेल."

डंकनने मर्डीनाकडे पाहिलं. "खात्री आहे," तो म्हणाला.

"थांबव ते!" मर्डीना ओरडली. मानेच्या पट्ट्यामुळे तिला ते छताकडे बघून ओरडावं लागलं, आणि पुढचं सगळंही तिने छतालाच सांगितलं. "मला चक्कर आली नाही. माझं तोंड वाकडं नाही, म्हणजे आहे तेवढंच आहे. घोटा मुरगळलाय. ते हेलिकॉप्टर त्या पोरीकडे पाठव. मी गालिच्यात पाय अडकून पडले."

"कुठल्या गालिच्यात?" एफीने विचारलं.

हेक्टर लग्नाचा फोटो परत लावायला निघून गेला.

"उचल मला, डंकन."

तिघांनी तिला उचललं. गोधडी घसरली. खाली लापशीने माखलेला घोडा पाचही पाय ताणून उभा होता.

"हा तर माझा," एफी अगदी हळू म्हणाली.

"भिंतीला जुळत होता गं," मर्डीना म्हणाली. महिनाभर मनात जे कारण ठीकठाक वाटलं होतं, ते बाहेर पडल्यावर केवढंसं झालं हे तिला ऐकू आलं. तिने सत्तर वर्षांची मैत्रीण रडवली होती, आणि कशासाठी, तर निळ्या रंगासाठी. "तुला कचऱ्यात टाकायला लावला आणि मी घरात अंथरला. एफी, मला तोंड दाखवायला जागा नाही. घेऊन जा तुझा."

"नको!" एफी इतक्या मोठ्याने म्हणाली की रेडिओतून काय झालं म्हणून विचारणा झाली.

एफी कानापर्यंत लाल झाली होती. तिने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "डावा कोपरा ना?"

"तुला कसं ठाऊक?"

"बावन्न वर्षं पाडतोय तो मला. गेल्या वर्षी मनगट मोडलं ते बर्फावर नाही मोडलं, त्या कोपऱ्यावर मोडलं. सासूची आठवण, टाकणार कशी? नणंद फ्लोरा दर रविवारी यायची, आधी आईचा घोडा बघायची आणि मग माझ्याकडे. आणि एक दिवस तू वही घेऊन आलीस. मला तर तू देवदूत वाटलीस."

"पण तू रडत होतीस!"

"हसत होते गं. म्हणून तर पाठ फिरवली. तू विचार बदलशील अशी भीती वाटली." एफीचा आवाज बारीक झाला. "फ्लोराला मी सांगितलं की मर्डीनाने सक्तीने नेला. मी पाया पडले तरी ऐकलं नाही, असंही सांगितलं."

"म्हणून फ्लोरा चर्चमध्ये माझ्याकडे बघत नाही होय!"

फ्लोराचं नाव निघालं आणि मग दोघींना एकदमच आठवलं की ती डंकनची आई. दोघींनी वर पाहिलं. डंकन मर्डीनाच्या घोट्याला बर्फ बांधत होता, आणि बांधता बांधता जितकं खाली बघता येईल तितकं खाली बघत होता.

"एफीमामी, मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "पण आजीचा घोडा मी नेतो. धुऊन भिंतीवर टांगेन."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीला बावन्न वर्षांत आणि दुसरीला पाच आठवड्यांत हे सुचलं नव्हतं.

डोंगरापलीकडच्या बाईला मुलगी झाली, दोघी सुखरूप. पुढच्या मंगळवारी मर्डीना कुबडी घेऊन हॉलमध्ये गेली. शिट्टी आणि वही तिने टेबलावर ठेवली आणि उभी राहून सगळं सांगितलं: घोडा, भिंत, गोधडी, हेलिकॉप्टर. एफीबद्दलचं तेवढं वगळलं. पण मागच्या रांगेतून एफीने स्वतःच उठून ते सांगून टाकलं. "तेव्हा वर्ग आता दुसऱ्या कुणीतरी घ्यावा," मर्डीना जमिनीकडे बघत म्हणाली.

कुणी हसलं नाही. ते तिला जास्तच लागलं. मग पहिल्या रांगेतली सेना मॅकफी, जिचा दीर तीन वर्षं तिच्याकडे ठाण मांडून बसला होता आणि बरोबर स्वतःच्या वडिलांची आरामखुर्ची घेऊन आला होता, तिने हात वर केला.

"म्हणजे एखादी वस्तू धोक्याची आहे असं तू वहीत लिहिलंस," ती सावकाश म्हणाली, "की घरच्यांना ऐकावं लागतं?"

"तसा काही नियम..."

"माझ्याकडे तपासणी राहिलीय," सेना म्हणाली.

"माझ्याकडेसुद्धा," मागून कुणीतरी म्हणालं. पाहता पाहता टेबलासमोर रांग लागली. हरणाचं मुंडकं, पितळी दिवा, पियानो. प्रत्येक वस्तू नवऱ्याकडच्या माणसांची, आणि प्रत्येक वस्तूत जिवाला धोका. रांगेत सगळ्यात शेवटी हेलन बॉइड होती.

"आमच्या सासूबाईंचं भिंतीवरचं घड्याळ," ती कुजबुजली. "डोक्यात पडू शकतं की नाही?"

मर्डीनाचे कान तापले. जे झालं त्यानंतर तिला हे शोभत नव्हतं, आणि ते तिला पक्कं कळत होतं. तिने वही उघडली.

"पडू शकतं," ती म्हणाली. मग खाली मान घालून, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू तिने विचारलं, "कुठल्या रंगाचं आहे गं?"

"पांढरं," हेलन म्हणाली. "कडेला निळी वेल."

मर्डीनाने मान वर न करता लिहून घेतलं.