आधी गणित, मग बटण

आमच्या अण्णाकाकांच्या कॉम्प्युटर क्लासात कॉम्प्युटरला हात लावलेला चालत नाही. झाशीच्या सिविल लाइंसमधल्या भाड्याच्या खोलीत एकच मशीन आहे आणि ते काकूच्या जुन्या लुगड्याखाली झाकलेलं असतं. समोर फळा, खाली सतरंजी. टायपिंग शिकायला आलेल्या पोरांना काका पहिल्या दिवशी सांगतात, "आधी गणित, मग बटण." पोरं मान डोलावतात, कारण त्यांना वाटतं दोन दिवसांची गोष्ट असेल. बीजगणित, तर्क, मग सिद्धता असं करता करता दिवाळी येते. बहुतेक पोरं तोवर स्टेशनजवळच्या दुसऱ्या क्लासात पळालेली असतात. तिथे पहिल्याच दिवशी बटण दाबायला मिळतं.

काका जन्मभर इंटर कॉलेजात, म्हणजे इकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेत, गणिताचे मास्टर होते. निवृत्त झाल्यावर हे खूळ डोक्यात शिरलं. कॉम्प्युटर हा अक्कल नसलेला आज्ञाधारक नोकर आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याला थांब म्हणून सांगितलं नाही तर तो थांबणार नाही, आणि तो नक्की थांबेल की नाही हे गणिताशिवाय कळत नाही. हे समजावण्यासाठी एकदा त्यांनी लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकाठच्या महालक्ष्मीच्या देवळात भर रांगेत व्याख्यान दिलं. रांगेतून एक बाई पुढे सरकली की तिच्या ओळखीच्या दोघी मध्ये घुसत होत्या. काकांनी मागच्या माणसाला हिशेब मांडून दाखवला की आपला नंबर कधीच लागणार नाही, आणि प्रसाद न घेता घरी आले. मागचा माणूस अर्ध्या तासात प्रसाद घेऊन बाहेर आला म्हणे. काकांच्या मते तो अपवाद होता.

लोक हसतात. मला हसू येत नाही, आणि का येत नाही ते सांगून टाकते.

माझे वडील रेल्वेत गार्ड, कायम बाहेर. त्यामुळे माझ्या शाळेचं सगळं काका बघायचे. इकडे नववीत मुलींना गणिताऐवजी गृहविज्ञान घेता येतं. मला गणित आवडायचं, जमायचंही. पण आमच्या झाशीच्या मराठी घरांत मुलींना स्थळं यायची ती ग्वाल्हेर-इंदूरची, आणि ती मंडळी पत्रिकेबरोबर मार्कशीटही मागायची. गृहविज्ञानात फर्स्ट डिवीजन हमखास. म्हणून गणिताच्या मास्टरांनी स्वतःच्या पुतणीला गणित सोडायला लावलं. पुढे बी.ए. झाल्यावर मला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. खिडकीवरच्या बाबूनं मान वर न करता विचारलं, इंटर में गणित था? नव्हतं. झालं, संपलं.

फर्स्ट डिवीजन मिळालं, स्थळही मिळालं, याच गावात. आज मी मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवते. काज कसं शिवायचं, डाग कसे काढायचे. आणि ज्यांनी माझी ही सोय लावली ते म्हातारपणी गावभर सांगत हिंडतात की गणिताशिवाय कॉम्प्युटर म्हणजे नुसती बटणं बडवणं. आता उजेड पडला. काकू गेल्यापासून दुपारचा डबा मी नेऊन देते, पण ठेवते आणि निघते.

यंदा जूनमध्ये क्लासात चिरगावहून बसनं येणारी सरिता नावाची मुलगी टिकली. आठवी पास, नववीत आमच्याच शाळेत नाव घालायचं होतं. पोरगी तल्लख. काका तिच्यावर इतके खूश की लुगडं काढून मशीन चालू करायचीही वेळ आली होती. एके दिवशी मी डबा घेऊन गेले तर तिचे वडील दारात उभे. त्यांना शाळेत गृहविज्ञान लिहून द्यायचं होतं आणि काका त्यांची वाट अडवून उभे होते. काका कुणापुढे हात जोडत नाहीत, पण त्या दिवशी जोडले होते. त्या गृहस्थांनी मला ओळखलं.

"मैडमजी, आप तो यही पढ़ाती हैं. आप ही समझाइए मास्टरजी को. लड़की का फर्स्ट डिवीजन बन जाएगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. खरं सांगते, त्यांची जिरवायची अशी संधी मला पुन्हा मिळाली नसती. पण ती पोरगी खडू हातात धरून बापाकडे बघत होती, रडतही नव्हती.

मी म्हटलं, "भाईसाहब, मेरे यहाँ एक भी सीट नहीं है. गणित ही दिलवाइए."

धडधडीत खोटं. माझा वर्ग कधी भरत नाही. ते गृहस्थ कुरकुरत, पण मुलीला घेऊन गणित लिहून द्यायला गेले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. काका फळा पुसत राहिले, पुसून झालेला.

"कुमे, जागा खरंच नव्हती?"

"होती."

त्यांनी डस्टर खाली ठेवलं. मग म्हणाले, "तू माझ्याशी कधी भांडली का नाहीस? एवढी वर्षं डबा आणतेस नि निघून जातेस. मी रोज वाट बघतो, आज तरी विचारेल."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?"

"काही नाही. चुकलो, एवढंच आहे सांगायला."

"मला राग आहे, काका. तो जाणार नाही."

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले.

मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. ते सतरंजीवर बसले, पोळी मोडली, आणि पहिला घास तोंडात तसाच ठेवून रडायला लागले. त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला मला. ठेवला नाही. पण त्या दिवशी मी निघून गेले नाही, त्यांचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिले.